कोर्टात साक्षीला जायचंय. तिथे कसं वागावं, आणि एवढी शिस्त कशाला?

आधी 'कशाला' ते सांगतो. कोर्ट नसतं तर ज्याच्या हाती काठी त्याचीच म्हैस. इथे दुबळ्याचंही म्हणणं ऐकून घ्यावं लागतं आणि सरकारलाही उत्तर द्यावं लागतं. १८०३ साली 'मार्बरी विरुद्ध मॅडिसन' खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या संसदेच्याच कायद्यातली एक तरतूद घटनाबाह्य ठरवली होती.

आता तुमचं. वेळेआधी पोहोचा, मोबाइल बंद करा. न्यायाधीश आत आले की उभं राहायचं. तो मान त्या पदाचा असतो. प्रश्न पूर्ण होऊ द्या, मगच बोला. नुसती मान डोलावू नका, नोंद शब्दांची होते. तोंडाने स्पष्ट 'हो' किंवा 'नाही' म्हणा. आठवत नसेल तर तेवढंच सांगा, अंदाजाने काही ठोकून देऊ नका. उलटतपासणीत समोरचे वकील डिवचतील, ते त्यांचं कामच आहे. चिडलात की बोलणं भरकटतं. हरकत घेतली गेली तर वाक्य अर्धवट असलं तरी तिथेच थांबा आणि न्यायाधीश सांगतील तेव्हाच पुढे बोला.

सोबत कोणी येणार असेल तर त्यांना मागे बसून खाणाखुणा करू नका म्हणावं. त्याने तुमच्या खऱ्या साक्षीवरही संशय येतो.