आधी आजोबांचा भाऊ शोध

प्रिय मुली,

तुझा मेसेज वाचला. नवऱ्याच्या आजीचं माहेर मूंटाचं (साउथ ऑस्ट्रेलियातलं तांब्याच्या खाणीचं गाव), त्याआधीचे लोक इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचे, सासरी एवढंच ठाऊक आहे आणि तुला सासूबाईंच्या साठीला अख्खी वंशावळ फ्रेम करून द्यायचीय, भारीच! फक्त एक लक्षात ठेव, आपण त्र्यंबकेश्वरला जाऊन आडनाव-गाव सांगतो आणि गुरुजी बाड काढून पणजोबांची सही दाखवतात, तसलं इकडे काही नाही. इकडे तुकडे जमवावे लागतात.

आणि ऑनलाइन तयार वंशावळी दिसतील त्यावर एकदम भाळू नकोस. मी शेजाऱ्यांसाठी शोधत होतो तेव्हा जॉन विल्यम्स नावाच्या भलत्याच माणसामागे दोन वर्षं घालवली, कॉर्नवॉलच्या ग्वेनॅप गावात त्या नावाचे दोघं, दोघंही खाणकामगार, आणि माझा जॉन म्हणून ज्याला धरून बसलो होतो तो बोटीत चढलाच नव्हता, तिकडेच वारला होता. चूक माझीच, मृत्यूची नोंद आधी बघायला हवी होती.

आधी हे लोक आले कधी ते ठरव, कारण त्यावरून कुठे शोधायचं ते कळतं. साउथ ऑस्ट्रेलिया वसवली 1836 ला, कष्टकऱ्यांना बोटीचं भाडं माफ होतं, मग तिथल्या कपुंडा गावाला तांबं निघालं, 1845 ला ‘बरा’ (Burra) नावाच्या गावी, आणि त्याच सुमारास कॉर्नवॉलमध्ये बटाट्यावर रोग पडलेला, त्यामुळे कॉर्नवॉलचे खाणवाले बायकापोरांसकट निघाले. बऱ्याला घरं पुरेनात म्हणून कित्येक कुटुंबं ओढ्याच्या काठात बिळं खोदून राहायची, 1851 च्या पुरात ती वाहून गेली. मूंटा नंतरचं, 1861 चं (एका मेंढपाळाला जनावराच्या बिळातून वर आलेली हिरवट माती दिसली म्हणतात). 1866 ला तांब्याचे भाव कोसळले आणि कॉर्नवॉलच्या खाणी धडाधड बंद पडल्या, तेव्हा अजून एक लोंढा आला. म्हणजे तुमचे लोक मूंटाला असले तरी आधी बऱ्याला असू शकतात, तिथली खाण 1877 ला बंद झाली.

आता खरी गोम. साउथ ऑस्ट्रेलियाच्या जुन्या मृत्यू दाखल्यावर मोठ्या माणसाच्या आईवडिलांचं नावच नसतं. तू पैसे भरून दाखला मागवशील आणि त्यात वय, धंदा, आजार एवढंच मिळेल. बहुतेक लोक इथे अडकतात आणि मग अंदाजाने कुठलातरी बाप चिकटवतात. तू तसं करू नकोस, भाऊ शोध. 1851 ला शेजारच्या व्हिक्टोरियात सोनं सापडलं तेव्हा बऱ्याची खाण जवळजवळ रिकामी पडली, इतकी माणसं तिकडे पळाली, काही परतली, काही तिथल्या सोन्याच्या गावांतच, बेंडिगो-बॅलरॅटलाच राहिली. आणि व्हिक्टोरियाचा मृत्यू दाखला म्हणजे लॉटरी! 1853 पासून त्यात आईवडिलांची नावं, जन्मगाव, वसाहतीत किती वर्षं काढली ते, सगळं विचारलेलं असतं. तिकडे वारलेल्या भावाच्या कागदावर तुझ्या माणसाचे आईवडील बसलेले असतात. सांगणारा जावई किंवा शेजारी असेल तर चुकीचंही असतं, पण सुरुवातीला धागा मिळतो.

भाऊ सापडवायला ट्रोव्ह ही वेबसाइट वापर, ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची, जुनी वर्तमानपत्रं फुकट. निधनाच्या जाहिरातीखाली कधी कधी ‘कॉर्निश पेपरांनी हे छापावं’ अशी ओळ असते, ती दिसली की समज तिकडे अजून कोणीतरी वाचणारं होतं. आडनावाचं स्पेलिंग मात्र धरून बसू नकोस, होस्किन, होस्किंग, होस्किन्स सगळं बघ, कारकुनाने जसं ऐकलं तसं लिहिलं, आणि कॉर्निश माणूस ‘ह’ गिळायचा त्यामुळे हॅरिसचा ॲरिस होतो.

कॉर्नवॉलकडे वळलीस की चर्चमध्ये लग्न सापडेल पण पोरांचे बाप्तिस्मे नाहीत असं होईल, घाबरू नकोस, ही मंडळी बहुतेक मेथडिस्ट, म्हणजे सरकारमान्य चर्चपासून वेगळ्या पंथाची. 1837 पर्यंत लग्न सरकारमान्य चर्चमध्येच लावावं लागायचं, बाप्तिस्मा मात्र आपल्या पंथाच्या चॅपलमध्ये (छोट्या प्रार्थनाघरात), आणि तिथलं रजिस्टर एका गावाचं नसून आसपासच्या बऱ्याच गावांचं मिळून एक असायचं. तिकडच्या 1851 च्या जनगणनेत जन्माचं गाव लिहिलंय ते आधी काढ. मूळ कागद लागले तर कॉर्नवॉलमधल्या रेडरूथला केर्नसन केर्नो म्हणून नवीन अभिलेखागार आहे, 2019 पासून.. थांब, चुकलो, क्रेसेन केर्नो, मला ते नाव कधीच नीट येत नाही.

मूंटाला एकदा जाऊन ये, ॲडलेडहून गाडीने दोन तास. स्मशानात लहान मुलांची कितीतरी थडगी आहेत, बऱ्याच जागांवर दगडसुद्धा नाही. तुमच्या झाडात दोन भावंडांमध्ये पाच-सहा वर्षांची फट दिसली ना, तर तिथे एखादं मूल असणार असं धरून शोध.

पण हे सगळं नंतर. या रविवारी सासूबाईंच्या थोरल्या बहिणीकडे जा आणि घरातलं जुनं बायबल कुठाय विचार, पहिल्या कोऱ्या पानांवर जन्म-मृत्यू लिहिलेले असतात. फोटो काढताना मागची बाजूपण काढ, आणि छापलेलं साल दिसेल ते पानही. साल नंतरचं आणि नोंदी आधीच्या असतील तर कोणीतरी आठवणीतून लिहिल्यात. मग मला पाठव, चष्मा लावून बसतो.

काका