वाटणी नको, आळीपाळी

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री पावणेबाराला आला. "तो इंजिनाच्या खड्ड्यात डोकं घालून बसलाय, मी पायरीवर बसून रडतेय. मला यातलं काही कळत नाही, आणि तो म्हणतो, तुला कळायची गरजच नाही." मी तो तीनदा वाचला. काकूलाही वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, उठून दूध झाकलं आणि झोपायला गेली. चाळीस वर्षांच्या संसारानंतर तिचं न बोलणं मला ओळखता येतं. 'तुला कळायची गरज नाही' हे मी तिला अकरा वर्षं ऐकवलंय, म्हणून हे पत्र.

कालव्यावरच्या बोटीत संसार मांडलात आणि तुम्ही म्हणे कामांची यादी केलीत. इंजिन, बॅटऱ्या, गॅस, सुकाणू त्याच्याकडे. शेगडी, पाणी, स्वयंपाक, आतली साफसफाई तुझ्याकडे. आणि मला विचारतेस, यादी बरोबर आहे ना, काका? ती यादी शेगडीत घाल. वाटणी नको, आळीपाळी. आज तू, उद्या तो. त्याला आवडो न आवडो, तुला जमो न जमो.

आता कारण ऐक.

आमची बोट सत्तावन्न फुटी होती, तुमच्यासारखीच. त्या वर्षी फेब्रुवारीत आम्ही लंडन-बर्मिंगहॅमच्या ग्रँड युनियन कालव्यावर, स्टोक ब्रुअर्नच्या जरा खाली बांधून होतो. पुढचं लॉक, म्हणजे बोट खालीवर करायची ती दरवाज्यांची पाण्याची पेटी, हिवाळी दुरुस्तीसाठी बंद होतं, म्हणून अडकलेलो. मला छातीत दुखायला लागलं, अॅम्ब्युलन्स आली. स्ट्रेचरवर चढायच्या आधी मी काय केलं असेल? मागे जाऊन स्टार्टर बॅटरीचा आयसोलेटर, म्हणजे मुख्य स्विच, बंद केला. कारण काय, तर बॅटरी वाचावी. बोटीच्या बुडातलं पाणी उपसणारा पंप त्याच बॅटरीवर होता. हे मला माहीत होतं, तिला नव्हतं. आणि त्या घाईत मी ते विसरलो.

स्टर्न ग्लँड तू अजून पाहिली नसशील. बोट ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा बोटीच्या पोटातून जिथे पाण्यात बाहेर पडतो, तिथली ती जागा. आत मेणचट दोरीच्या कड्या कोंबलेल्या असतात आणि त्यावर ग्रीसचा दाब. शेजारी एक पितळी नळकांडं असतं, ग्रीसर म्हणतात, त्याला इंग्रजी टीच्या आकाराची मूठ. रोज बोट चालवून झाली, इंजिन बंद केलं, की ती मूठ जड लागेपर्यंत फिरवायची. दीड-दोन फेरे. पाच वर्षांच्या पोराचं काम आहे. आमच्या ग्लँडची दोरी झिजली होती, ती बदलायचं मी दिवाळीपासून पुढे ढकलत होतो. आणि त्या दिवशी मूठही फिरवली नव्हती.

मी पाच दिवस हॉस्पिटलात. आधी थेंब थेंब, मग काडीएवढी धार. तिसऱ्या दिवशी काकूने फोनवर सांगितलं, "अहो, घावन एका बाजूलाच जाड होतंय. पीठ मागच्या बाजूला ओघळतंय." मी काय म्हटलं? "कालव्याचं पाणी जरा उतरलं असेल, तू काळजी करू नकोस."

नीट वाच हे. बोट मागून बुडायला लागली होती आणि ते जगात सगळ्यात आधी कोणाला कळलं असेल, तर तव्यापाशी उभ्या असलेल्या माझ्या बायकोला. आणि मी कॉटवरून तिला सांगतोय की काळजी करू नकोस.

पाचव्या दिवशी सकाळी शेजारच्या बोटीवरची एक म्हातारी कुत्रा फिरवताना थांबली. सत्तरीच्या पुढची, एकटी राहायची. तिने आमची मागची बाजू बघितली आणि खिडकीवर थाप मारली. मागच्या डेकवरचं पावसाचं पाणी जायला जी भोकं असतात, ती कालव्याच्या पाण्यापासून जेमतेम दोन बोटं वर राहिली होती. ती पाण्याखाली गेली असती तर कालवाच आत आला असता. म्हातारीने विचारलं, "तुमचा ग्रीसर कुठेय?" काकूला माहीत नव्हतं. अकरा वर्षं त्या बोटीत राहून. म्हातारीने फळी उचलली, गुडघाभर तेलकट पाण्यात उतरली, मूठ फिरवली, दोन नट दोन्हीकडून सारखे अर्धा-अर्धा फेरा आवळले आणि धार थांबली. मग स्वतःचा पंप आणला.

मी घरी आल्यावर काकूने चहा दिला आणि एकच वाक्य बोलली. "तुमच्या बोटीत मी अकरा वर्षं पॅसेंजर होते." दोन वर्षांनी आम्ही बोट विकली. आता मिल्टन कीन्समध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो, स्वयंपाकघराच्या खिडकीतून कालवा दिसतो. मी तिथे जास्त वेळ उभा राहिलो की ती कुकर लावते.

माझीही बाजू ऐक, कारण तुझा नवराही हेच म्हणणार आहे. मी तिला दूर ठेवलं ते हक्क म्हणून नाही. तिची कंबर धरायची, इंजिनाच्या खड्ड्यात वाकवत नसे. ग्रीस तिच्या नखांत राहिलं की तिला जेवण जात नसे. आणि मला ते काम आवडायचं, यात काय पाप? मी देवगडचा. बंदरावर लहानपणी होड्या ओढून शाकारताना बघितलेल्या, त्यांना तेल पाजताना बघितलेलं. बोट म्हटली की माझे हात शिवशिवायचे. शिवाय तिनेही कधी विचारलं नाही. हे मी तिच्यासमोर बोलत नाही, तुला लिहितोय. विचारलं असतं तर शिकवलं असतं की. पण विचारण्याजोगं काही आहे हेच मी तिला कळू दिलं नव्हतं, असं काकू म्हणेल. असो. तिचं थोडं खरं आहे.

आणि उलट बाजूही सांगतो, म्हणजे तू फार खूश होणार नाहीस. एका जानेवारीत ती आईच्या आजारपणासाठी सहा आठवडे देवगडला गेली आणि मी एकटा. शेगडी कायम तिची. मला वाटलं, कोळसा टाकायचा आणि दार लावायचं. राख हलवली नाही, धुरांडं झाडलं नाही, रात्री हवेचा दट्ट्या सगळा बंद करून झोपलो. पहाटे तीनला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला म्हणून आज हे पत्र लिहितोय. राहत्या बोटींना तो अलार्म २०१९ पासून सक्तीचा झाला. त्याच्या खूप आधी काकूने तो हट्टाने लावून घेतला होता आणि मी 'उगाच खर्च' म्हटलं होतं. तेव्हा तुझा नवराही शेगडीशी बसला पाहिजे. राख किती ठेवायची, कुठल्या पिशवीतला कोळसा चिवट जळतो, बाहेर वारा फिरला की धूर उलटा कसा येतो, हे त्याच्या हाताला कळलं पाहिजे. आळीपाळी म्हणजे दोन्हीकडून.

कालव्यावर कुठेही बघ, चित्र एकच. बाप्या मागे सुकाणूच्या दांड्याला टेकून चहा पितोय आणि बाई हातात विंडलास, म्हणजे लॉकच्या झडपा फिरवायचा दांडा, घेऊन लॉकच्या लाकडी तुळईला पाठ लावून ढकलतेय. ढकलायचं काम जड आणि सुकाणू हलकं, तरी उलटं. का, तर 'तिला चालवायची भीती वाटते'. भीती वाटणारच, कधी दांडा हातात दिला होता? या कालव्यांवर जुन्या मालवाहू बोटी जोडीने जायच्या, पुढे इंजिनाची, मागे ओढलेली बिनइंजिनाची. पुढच्या बोटीवर नवरा, मागचीच्या सुकाणूवर बायको, आणि छपरावर धुरांड्याला दोरीने बांधलेलं पोर. दहा फुटांच्या केबिनमध्ये संसार. त्या बायकांना कोणी म्हटलं नाही की तुला कळायची गरज नाही. दुसऱ्या महायुद्धात तर शहरांतल्या, ऑफिसांतल्या पोरी आल्या. तिघी मिळून एक जोडी, पन्नासेक टन माल, लंडनहून बर्मिंगहॅम आणि कोव्हेंट्रीकडच्या खाणींवरून कोळसा घेऊन परत. थोड्याशा शिकवणीवर. तू तर इंजिनिअर आहेस गं! रोज आठ तास दुसऱ्यांचं सॉफ्टवेअर दुरुस्त करतेस आणि एका पितळी मुठीला घाबरतेस?

रागावू नकोस. जेवलीस का ते सांग आधी.

लॉकचं एवढ्यासाठी लिहितोय की तिथे जीव जातो. उतरताना लॉकच्या वरच्या दरवाज्याच्या आत सिमेंटचा किंवा दगडाचा उंबरठा असतो, सिल म्हणतात. भिंतीवर पांढरी रेघ काढलेली असते. बोटीची मागची बाजू त्या रेघेच्या पुढे पाहिजे. मागे राहिली तर पाणी उतरतं आणि मागचा भाग उंबरठ्यावर टांगलेला राहतो, पुढचा खाली जातो. मिनिटांचा खेळ. सुकाणूवरचा ओरडला तर विंडलासवाल्याने काय करायचं? खालच्या झडपा तात्काळ बंद, मग वरच्या सावकाश उघडायच्या. ज्याने कधी सुकाणू धरलं नाही त्याला तो ओरडा कशासाठी आहे हे कळत नाही, तो म्हणतो, "काय झालं?" त्या 'काय झालं'मध्ये बोट जाते. म्हणून दर लॉकला जागा बदला. एकामागोमाग एकवीस लॉकची हॅटन फ्लाइट कधी चढलात तर अकरा तू, दहा तो. पुढच्या वेळी उलट.

टॉयलेटची कॅसेट हीसुद्धा आळीपाळीने. हसू नकोस. वीस लिटरची ती पेटी भरल्यावर एल्सन पॉइंटपर्यंत, म्हणजे ती ओतायच्या जागेपर्यंत, ओढत नेणं ही लग्नातली सगळ्यात प्रामाणिक परीक्षा आहे. जो कधीच नेत नाही तो ती किती भरली आहे हेही बघत नाही. पाण्याच्या टाकीचं तेच: नळावर तासभर पाइप धरून उभं राहणाऱ्यालाच अंघोळ लवकर आटोपता येते.

डांबराचं सांगतो आणि थांबतो. दोन-तीन वर्षांनी बोट कोरडी काढाल, खरवडाल, डांबराचे दोन-तीन हात द्याल, स्वतः झिजून पत्रा वाचवणारे मॅग्नेशियमचे अॅनोड बघाल. पहिल्या वेळी मी काकूला म्हटलं, तू कशाला काळी होतेस, जा, चहाच्या दुकानात बस. ती चार दिवस तिथे बसून लोकरीचं विणत होती. आपल्या घराचं बूड तिने अकरा वर्षांत नीट पाहिलं नाही. कुठे खड्डा पडलाय, कुठल्या बाजूला धक्क्याला घासून पत्रा चमकतोय, काहीच नाही. तिने बघितलं असतं तर त्या दिवशी घावन ओघळल्यावर तिने माझं ऐकलं नसतं. फळी उचलून बघितलं असतं. मला याचंच वाईट वाटतं, बोट विकल्याचं नाही. बोट विकल्याचंही वाटतं.

तुझ्या नवऱ्याला हे पत्र दाखवायचं तर दाखव. तो म्हणेल, काका जुन्या वळणाचे आहेत, आमचं वेगळं आहे. मीही असंच म्हणायचो. त्याला म्हणावं, पुढचा रविवार तू फक्त बघायचं, हात खिशात. फळी ती उचलणार. इंजिनाचं तेल ती मोजणार. पट्टा ढिला आहे का ते ती अंगठ्याने दाबून बघणार. बॅटरी अर्ध्याच्या खाली गेली आहे का, मीटर ती वाचणार. वीड हॅच, म्हणजे पंख्यावरचं झाकण, ती उघडणार, पंख्याभोवतीची पिशवी, दोर, गवत ती काढणार. मग झाकण परत ती बसवणार, आणि ते नीट बसलंय का हे तो बघणार, कारण त्या एका झाकणाने बोटी बुडाल्यात. त्या दिवशी कोळसा तो भरणार आणि घावन तोच करणार. जाळी पडली नाही तरी खायचं.

त्याला राग येईल. माझ्या बाबतीत यायला अकरा वर्षं लागली, तुमचं आठवड्यात होऊ दे.

मी रविवारी अकराच्या बसने येतो. काकू येईल की नाही माहीत नाही. आली तर काठावर खुर्ची टाकून ठेव, ती आत पाय ठेवणार नाही.

तुझा,
काका

ता. क. काकूने पत्र वाचलं. म्हणते, पॅकिंगचं, म्हणजे ग्लँडच्या दोरीचं, अर्धवट लिहिलंय. दोरी बदलाल तेव्हा जुन्या कड्या सगळ्या काढा, वर नवी चढवू नका. दोरी दांड्याभोवती गुंडाळून माप घ्या, तिरकी कापा, आणि प्रत्येक कडीचा जोड आधीच्या जोडावर येऊ देऊ नका. हे तिला त्या म्हातारीने नंतर शिकवलं होतं. मला आज कळलं.