व्हेनिसला दोनच दिवस असतील तर

आधी तिकिटावर विमानतळ कुठला ते बघा. स्वस्तातली विमानं बऱ्याचदा त्रेव्हिझोला उतरवतात. तिथून बसने तासभर तरी धरून चाला. मार्को पोलोला उतरलात तर 5 नंबरची बस साधारण 25 मिनिटांत पियात्साले रोमाला सोडते. गाड्यांचा रस्ता तिथेच संपतो. पुढे वापोरेत्तो, म्हणजे पाण्यावरची बेस्ट! चढण्याआधी तिकीट मशीनला टेकवायचं. 1 नंबरची बोट ग्रँड कॅनालमधून रमतगमत सान मार्को या मुख्य चौकापाशी नेते.

मोठी बॅग मात्र नकोच. दर दोन गल्ल्यांआड पूल, पुलाला पायऱ्या, आणि हमाल आपणच. मुरानो-बुरानो ही बेटंही दोन दिवसांत कोंबू नका. त्यापेक्षा सकाळी लवकर रियाल्टोचा मासळीबाजार गाठा. रविवार-सोमवारी तो बंद असतो.