संडासची तपासणी साफ आली, तरी कुत्र्याच्या पिल्लाचे जंत मुलाला झालेले असू शकतात का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: खानापूरजवळ घर, घरात दोन महिन्यांचं पिल्लू, चार वर्षांच्या मुलाला महिनाभर खोकला, अधूनमधून ताप, रक्तात इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) २२ टक्के, संडासची तपासणी मात्र साफ.

हो, असू शकतात. कुत्र्या-मांजरांच्या या गोल जंताचं नाव टोक्सोकारा. त्याची अळी माणसात मोठी होत नाही, मग अंडी कुठून घालणार? ती आतड्यातून निसटून यकृतात, फुप्फुसात, क्वचित डोळ्यात फिरते. म्हणजे संडासात शोधणं हीच चुकीची जागा.

रिपोर्टमधल्या टक्क्यावर थांबू नका. पांढऱ्या पेशी १२,००० असतील तर २२ टक्के म्हणजे २,६४० इओसिनोफिल; ५०० च्या वर गेले की वाढलेले. पण दमा, अ‍ॅलर्जी, हुकवर्म (माणसाच्या आतड्यातला आकड्यासारखा जंत) यांनीही ते वाढतात. खोकला रात्री जास्त आणि आकडा ३,००० च्या पुढे असेल, तर डॉक्टर हत्तीरोगाच्या जंताचाही विचार करतील.

पुढची तपासणी म्हणजे रक्ताची टोक्सोकारा आयजीजी एलायझा; शरीराने या जंताविरुद्ध बनवलेली प्रतिपिंडं (अँटीबॉडी) ती शोधते. छोट्या लॅब सॅम्पल बाहेर पाठवतात. पॉझिटिव्ह आली म्हणून खोकला त्यानेच, असं नाही; जुना संसर्गही तसाच दिसतो, आणि माणसाच्या साध्या जंतांमुळेही फसगत होते. म्हणून यकृत सुजलंय का ते सोनोग्राफीत बघतात. या जंताची अंडी मातीतून पोटात जातात, म्हणून मुलगा माती खातो का, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा.

डोळ्याचं वेगळं. तिथे एकच अळी पुरते, मग इओसिनोफिल नॉर्मल, कधी एलायझाही निगेटिव्ह. एका डोळ्याने कमी दिसतंय हे पोर सांगत नाही. एकेक डोळा तळहाताने झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरातली चित्रं ओळखायला लावा. तिरळेपणा किंवा फोटोत डोळ्याची बाहुली पांढरी दिसली, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. यामागे डोळ्याचा कॅन्सरही असू शकतो.

अंगणवाडीत मिळणारी अल्बेंडाझोलची एक गोळी यावर पुरत नाही. सहसा ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ५ दिवस देतात. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं, डोळ्यात असेल तर सूज आवरायला स्टिरॉइडही लागतं. बरं झालं का ते बघायला एलायझा पुन्हा करू नका, ती बराच काळ पॉझिटिव्ह राहते. इओसिनोफिल उतरतायत का ते बघा.

पिल्लाला हात लावला म्हणून घाबरू नका. ताज्या विष्ठेतल्या अंड्यांनी लागण होत नाही, मातीत २ ते ४ आठवडे मुरल्यावर होते. म्हणून विष्ठा रोज उचला. पिल्लं आईच्या पोटातूनच जंत घेऊन येतात; औषध २, ४, ६, ८ आठवड्यांना, आणि आईलाही. फिनेलने अंडी मरत नाहीत, फरशीवर उकळतं पाणी ओता. परड्यातला बांधकामाच्या वाळूचा ढीग ताडपत्रीने झाका; मांजरांना तीच जागा आवडते, आणि पोरांनाही.