इंजिन बंद असताना सगळं ठीक, सुरू झालं की थरथर

दसरा-दिवाळीच्या सुमारास मैदानं वाळतात, पावसाळाभर घरात जुळवलेली रेडिओवर चालणारी मॉडेल विमानं बाहेर निघतात आणि पत्रांचा ओघ सुरू होतो. या वेळी बहुतेक प्रश्न पेट्रोल इंजिनाच्या मॉडेलमधल्या इंटरफिअरन्सबद्दल, म्हणजे रेडिओच्या संदेशात बाहेरून होणाऱ्या गडबडीबद्दल आहेत. आपल्या छंदात हा शब्द फार ढिला वापरला जातो. सर्व्हो (विमानाचे हलते भाग फिरवणारी छोटी मोटर) थरथरला, विमान दोन सेकंद ऐकेनासं झालं, बॅटरी बसली, वायरचा प्लग सैल निघाला, सगळ्याला एकच नाव. त्यामुळे दोष एकीकडे राहतो आणि पैसे दुसरीकडे खर्च होतात.

नाशिकहून: माझ्या मॉडेलला 30 सीसीचं पेट्रोल इंजिन आणि 2.4 गिगाहर्ट्झचा रेडिओ आहे. इंजिन बंद असताना सगळे सर्व्हो शांत. इंजिन सुरू करून थ्रॉटल अर्ध्याच्या वर नेला की उजवा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचा हलता भाग) थरथरतो. रिसीव्हर बदलला, फरक नाही. आता काय बदलू?

आता काही बदलू नका. उत्तराचा अर्धा भाग तुमच्याच पत्रात आहे: फक्त उजवा एलेरॉन. विमानातला 2.4 चा रिसीव्हर हातातल्या ट्रान्समीटरकडून आलेलं माहितीचं पाकीट एक तर पूर्ण स्वीकारतो, नाहीतर टाकून देतो. सिग्नल खराब झाला तर सर्व्हो आहे त्या जागी थांबतात, आणि तो तसाच खराब राहिला तर फेलसेफ, म्हणजे कंट्रोल आधी ठरवलेल्या जागी नेणारी सोय, लागतो. एकच सर्व्हो थरथरत असेल तर गडबड हवेतून येत नाही. ती त्या सर्व्होत, त्याच्या एक्स्टेन्शन वायरमध्ये किंवा जोडणीत आहे.

दोन्ही एलेरॉन वेगळ्या चॅनेलवर असतील तर रिसीव्हरपाशी त्यांचे प्लग अदलाबदल करा. थरथर डावीकडे गेली तर दोष रिसीव्हरच्या बाजूचा. उजवीकडेच राहिली तर पंखात शोधा. मग इंजिन बंद ठेवून, रेडिओ चालू करून, त्या सर्व्होजवळ बोटांच्या पेरांनी पंखावर टकटक करा. तेवढ्यानंही सर्व्हो उडाला तर तो कंपनाचा बळी आहे. सर्व्होच्या आत एक छोटा पोटेन्शिओमीटर असतो, सर्व्होचा हात कुठे आहे हे तोच सांगतो. सरळ उड्डाणात एलेरॉन बहुतेक वेळ मधोमध असतो, त्यामुळे कंपनानं पोटेन्शिओमीटरच्या पट्टीचा तोच एक ठिपका झिजतो. सर्व्हो थोडा बाजूला नेल्यावर थरथर थांबली, तर समजा की पट्टी मध्यावर खराब झाली आहे. सर्व्हो बदला आणि नव्याचे रबरी ग्रोमेट (कंपन शोषणाऱ्या रिंगा) नीट बसवा.

कंपनाचा दोष आणि ठिणगीचा, म्हणजे इग्निशनच्या विजेचा, दोष एकमेकांपासून ओळखणं कठीण, कारण दोन्ही सोबतच वाढतात. टू-स्ट्रोक इंजिन दर फेऱ्याला एक ठिणगी टाकतं. मिनिटाला 6,000 फेरे म्हणजे सेकंदाला 100 ठिणग्या, आणि धक्केही तेवढेच. म्हणून मी ठिणगी ठेवतो आणि कंपन काढून टाकतो. टाकी रिकामी करायची, पेट्रोलची नळी चिमट्यानं बंद करायची, स्पार्क प्लग काढून इग्निशन बंद असतानाच प्रॉप (प्रॉपेलर) काही वेळा फिरवायचा, म्हणजे सिलिंडरमधलं पेट्रोल निघून जातं. ते उडून जाईपर्यंत थांबायचं. मग प्लग कॅपमध्ये बसवून त्याची धातूची बाजू जाड वायरनं इंजिनाला जोडायची, प्लग भोकापासून लांब ठेवायचा, इग्निशन चालू करून प्रॉप हातानं फिरवायचा. ठिणगी पडते, इंजिन सुरू होत नाही. ठिणगीगणिक सर्व्हो हलला तर दोष विजेचा. हे काम मोकळ्या हवेत करा. प्लगची धातूची बाजू जोडलेली नसताना इग्निशन कधीही चालवू नका, सीडीआयचा (बॅटरीवर ठिणगी तयार करणाऱ्या इग्निशनचा) डबा त्यानंच जळतो आणि झटका तुम्हालाही बसू शकतो.

दोष विजेचा निघाला तर पहिला संशय प्लगच्या कॅपवर. प्लगकडे जाणाऱ्या वायरवर धातूची विणलेली जाळी असते. ठिणगीचा करंट त्या जाळीतून परत यावा आणि लहरी आतच अडकाव्यात हा तिचा उद्देश. कॅपमधली स्प्रिंगची रिंग प्लगच्या षट्कोनाला घट्ट धरत नसेल तर जाळी तिथे तुटल्यासारखीच आहे. कॅप बोटानं हलते का पाहा. जाळी काउलिंगला (इंजिनावरच्या झाकणाला) घासून फाटली आहे का तेही पाहा.

नंतर मांडणी. इग्निशन, त्याची बॅटरी आणि स्विच पुढे, फायरवॉलच्या (इंजिन बसवलेल्या भिंतीच्या) बाजूला. रिसीव्हर, त्याची बॅटरी आणि सर्व्होच्या वायरी मागे, मध्ये निदान 30 सेंटिमीटर अंतर. दोघांना एकच बॅटरी चालवू नका. इंजिन बंद करायचा स्विच ऑप्टिकल घ्या, त्यात दोन्ही बाजूंमध्ये फक्त प्रकाश जातो, वीज नाही. थ्रॉटलचा पुशरॉड (सर्व्होपासून थ्रॉटलकडे जाणारा दांडा) नायलॉनचा हवा. कार्बनचा रॉड धातू नाही म्हणून बिनधास्त लावणारे मी बरेच पाहिले आहेत. कार्बन फायबरमधून वीज वाहते.

न्यू जर्सीहून: इथे एका वृद्ध छंदिष्टाकडून झेनोआ जी-62 इंजिन असलेलं विमान घेतलं, सोबत 72 मेगाहर्ट्झचा एफएम रेडिओ. इंजिन चालू झालं की सगळीच कंट्रोल थरथरतात. यात तर इग्निशनची बॅटरीही नाही. मग हे येतं कुठून?

जी-62 मॅग्नेटोवर चालतं. फ्लायव्हीलवरचं चुंबक कॉइलजवळून जाताना वीज तयार करतं, म्हणून बॅटरी नाही. पण ठिणगी ती ठिणगीच. 1887 साली हर्ट्झनं रेडिओ लहरी निर्माण केल्या त्या ठिणगीतूनच, आणि आपल्या जगदीशचंद्र बोसांनी कोलकात्यात दूरची घंटा वाजवून दाखवली तीही ठिणगीतून निघालेल्या लहरींवर. तुमच्या विमानाच्या नाकात तोच पहिलावहिला ट्रान्समीटर बसलाय. त्याचा जोर दहा-वीसपासून काहीशे मेगाहर्ट्झपर्यंत पसरतो, आणि 72 नेमकं त्याच्या वाटेत येतं.

प्लगचा नंबर वाचा. त्यात आर अक्षर नसेल तर मॅन्युअलमधल्या प्लगचा रेझिस्टर असलेला प्रकार आणा. आतला सुमारे 5 किलोओहमचा अडथळा ठिणगीनंतरची विजेची कंपनं दाबून टाकतो. (ज्यांच्याकडे जाळीची कॅप असलेलं सीडीआय आहे त्यांनी हे आपल्या मनानं करू नये. तिथे बहुतेक वेळा साधा सीएम-6 प्लगच दिलेला असतो.) दुसरी गोष्ट, इंजिन बंद करायची वायर. मॅग्नेटोत ती कॉइलपासून निघते, आणि ती फ्यूजलाजमध्ये (विमानाच्या धडात) आत नेलेली असेल तर अँटेनाच झाली. स्विच इंजिनापाशीच बसवा. तिसरी, थ्रॉटलचा धातूचा क्लेव्हिस (पुशरॉडच्या टोकाची पकड) धातूच्या आर्मवर खडखडत असेल तर त्यातूनही रेडिओत गडबड होते. नायलॉनचा लावा.

रिसीव्हरची मीटरभर अँटेना कापू नका, गुंडाळू नका, सर्व्होच्या वायरींपासून लांब शेपटीकडे न्या. मग ट्रान्समीटरची अँटेना आत ढकलून रेंज मोजा, आधी इंजिन बंद ठेवून, नंतर चालू ठेवून. चालू असताना एक दशांशाहून जास्त घट दिसली तर काम बाकी आहे. आणि मैदानावर रेडिओ चालू करण्याआधी क्लबच्या फ्रिक्वेन्सी बोर्डावर आपल्या चॅनेलची पिन घ्याच. अमेरिकेत विमानांसाठी 72 मध्ये 11 ते 60 असे पन्नास चॅनेल आहेत. एकाच चॅनेलवर दोघं आले तर ठिणगीची गरजच उरत नाही.

2.4 चा रेडिओ घेतला तर हवेतून येणारा त्रास बहुतेक जाईल, कारण तिथवर ठिणगीचा जोर फारसा पोचत नाही. पण चुकीची वायर आणि सैल कॅप तशीच ठेवून तो घेऊ नका.

पुण्याहून, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी: सर, वळण घेताना विमान दोन-तीन सेकंद काहीच ऐकेना, मग आपोआप ताब्यात आलं. जवळ मोबाइल टॉवर आहे. त्यानं जॅम केलं असेल का?

टॉवरचं आधी सांगतो. आपल्याकडे 4जीचा एक पट्टा 2300 ते 2400 मेगाहर्ट्झचा आहे, म्हणजे आपल्या रेडिओचा अगदी शेजारी. टॉवरच्या तोंडाशी उडवलंस तर रिसीव्हरचे कान बधिर होऊ शकतात. तिथे उडवू नकोसच. पण टॉवर दिवसभर चालू होता आणि तुझं विमान नेमकं वळणात, एलेरॉन-एलिव्हेटर-रडर अशी सगळी कंट्रोल एकदम ओढल्यावर ताब्याबाहेर गेलं. मला बॅटरीचा संशय आहे.

ताकदवान डिजिटल सर्व्हो जोर लागला की एकटाच दोन अँपिअरहून जास्त करंट ओढतो. तू चार पेन्सिल सेलचा 4.8 व्होल्टचा पॅक, बारीक वायर आणि साधा स्विच वापरतोयस. पाच सर्व्होंनी एकदम ओढल्यावर रिसीव्हरपाशी उरतात किती व्होल्ट? बरेच रिसीव्हर साडेतीन व्होल्टच्या आसपास बंद पडतात, आणि पुन्हा सुरू होऊन ट्रान्समीटर शोधायला जुन्या पद्धतीच्या काही रिसीव्हरना काही सेकंद लागतात. तुझे दोन-तीन सेकंद मला तेच वाटतात. काही रिसीव्हरचा दिवा वीज एकदा गेल्यावर लुकलुकत राहतो. उतरल्यावर स्विच बंद करण्याआधी तो पाहायचा.

व्होल्टमीटर रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनेलला लाव. मित्राला एलेरॉन आणि एलिव्हेटर हातानं अडवायला सांग आणि तू दोन्ही स्टिक गोल गोल फिरव. आकडा किती खाली जातो ते लिहून ठेव. सर्व्हो सोसत असतील तर दोन सेलचा 6.6 व्होल्टचा लायफे (लिथियम-आयर्न फॉस्फेट) पॅक, जाड वायर आणि चांगला स्विच घे.

माझं 50 सीसीचं एक विमान असंच गेलं. दोन महिने मी अँटेना, प्लग, रिसीव्हर बदलत बसलो. अवशेष उघडले तेव्हा स्विचचा एक संपर्क काळा पडलेला सापडला. त्या दोन महिन्यांत मी एकदाही भार देऊन व्होल्टेज मोजलं नव्हतं. म्हणून तुला इतकं सविस्तर लिहितोय.

व्होल्टेज ठीक निघालं तर अँटेना बघ. 2.4 वर काम करणारा भाग म्हणजे टोकाचा उघडा 31 मिलिमीटर. दोन अँटेना एकमेकींना काटकोनात, इंजिन, टाकी आणि कार्बनच्या नळ्या यांपासून लांब. दोन्ही एका दिशेला असतील तर ठरावीक वळणात टोकं ट्रान्समीटरकडे रोखली जातात आणि सिग्नल सर्वांत कमकुवत होतो.

छत्रपती संभाजीनगरहून, एनसीसी एअर विंगचे प्रशिक्षक: कॅडेटना पेट्रोल मॉडेलची रेंज टेस्ट शिकवायची आहे. इंजिन बंद ठेवून केली तर पुरेशी नाही का?

नाही. बंद इंजिनावरची टेस्ट ही तुलनेसाठीची नोंद असते. ट्रान्समीटर रेंज-चेक मोडवर (यात त्याचा जोर मुद्दाम कमी होतो), विमान जमिनीपासून थोडं उंच लाकडी टेबलावर, आणि तुम्ही तीस पावलं लांब. सर्व कंट्रोल नीट चालली की इंजिन सुरू करून तेच पुन्हा, आधी आयडलवर (सर्वांत मंद वेगावर), मग अर्ध्या थ्रॉटलवर, मग पूर्ण. मध्येच विमान चारही बाजूंना वळवून पाहायचं. शेपटी भक्कम खुंट्याला बांधलेली आणि धरायला दोन मोठी माणसं. कॅडेट प्रॉपच्या मागे उभे राहतील, समोर नाही आणि प्रॉपच्या फिरण्याच्या रेषेतही नाही. 30 सीसीवर अठरा इंचांचा प्रॉप असतो. त्याच्या तडाख्यात हात गेला तर तो पूर्वीसारखा होत नाही.

त्याच वेळी फेलसेफही दाखवा. विमान बांधलेलं असताना, अर्ध्या थ्रॉटलवर ट्रान्समीटर बंद करा. इंजिन आयडलवर यायला हवं किंवा बंद पडायला हवं. ते तसंच गर्जत राहिलं तर फेलसेफ सेट झालेला नाही, आणि ते विमान त्या दिवशी उडणार नाही. मुलांना हे एकदा डोळ्यांनी दिसलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

रत्नागिरीहून: प्रत्येक सर्व्होच्या वायरला फेराइट रिंग (गडबड दाबणारं चुंबकीय कडं) लावू का?

नको. पंखाच्या टोकापर्यंत जाणाऱ्या लांब एक्स्टेन्शनला, ठिणगीच्या टेस्टमध्ये दोष विजेचा निघाला तरच, रिसीव्हरजवळ एक लावा आणि वायरचे दोन-तीन वेढे तिच्यातून घ्या. तुमच्याकडे मी त्याआधी सर्व्होच्या वायरींच्या प्लगच्या पिना पाहीन. समुद्राच्या खाऱ्या हवेत त्या निस्तेज होतात. जुन्या निकॅड (निकेल-कॅडमियम) पॅकची काळी वायर थोडी सोलून बघा. आतलं तांबं काळं पडलं असेल तर पॅक टाकून द्या. तशा तांब्याला टाका (सोल्डर) धरत नाही.

नागपूरहून: उडताना विमानाच्या कंट्रोलला एकदाच झटका आला. त्यानंतर तीन रविवार इंजिन चालवून जमिनीवर सगळं तपासलं, काही सापडलं नाही. उडवू का?

अजून नाही. जमिनीवर इंजिन चालवताना तुम्ही विमान धरून ठेवता. हवेत ते मोकळं हलतं आणि त्यावर भार येतो. हा फरक भरून काढायला वायरींचा प्रत्येक प्लग हातानं किंचित ओढून बघा. रेडिओ चालू ठेवून बॅटरीची वायर तिच्या टाक्यापाशी हळूच वाकवा, स्विच वीस वेळा चालू-बंद करा, रिसीव्हर फोममध्ये आहे की थेट प्लायवूडवर चिकटवलाय ते पाहा. स्विच आणि बॅटरी जुनी असेल तर दोष न सापडताही दोन्ही बदला. मग पहिलं उड्डाण रिकाम्या मैदानावर, आपल्या डोक्यावरून न नेता, उंचीवर, पाच मिनिटांचं. उतरल्यावर रिसीव्हरचा दिवा पाहा आणि पॅकचं व्होल्टेज लिहून ठेवा.