स्क्लेरोडर्मा आहे, घास छातीत अडकतो, पण एंडोस्कोपी नॉर्मल आली. आता पुढे काय करावे?

तुम्ही लिहिले आहे की तुम्हाला काही वर्षांपासून स्क्लेरोडर्मा (त्वचा आणि आतले अवयव कडक होत जाणारा, संधिवाताच्या गटातला आजार) आहे, अलीकडे जेवताना घास छातीत अडकतो आणि एंडोस्कोपी नॉर्मल आल्यावर ‘हा ताणाचा परिणाम आहे’ असे सांगून तुम्हाला घरी पाठवण्यात आले. मलाही हाच आजार आहे आणि याच उत्तरावर माझे जवळपास दीड वर्ष वाया गेले, म्हणून सविस्तर लिहिते.

एंडोस्कोपीत अन्ननलिकेचे अस्तर दिसते. जखम, सूज, अरुंद झालेला भाग, बुरशीचा पांढरा थर हे त्यात सापडते. परंतु अन्ननलिका घास खाली ढकलते आहे की नाही, हे त्यावरून नीट ठरवता येत नाही. आपल्या आजारात बिघाड बहुधा तिथेच असतो. अन्ननलिकेच्या खालच्या मोठ्या भागातील अनैच्छिक स्नायू हळूहळू दुबळे होतात आणि जठराच्या तोंडाशी असलेली झडप सैल पडते, त्यामुळे अडकण्याबरोबर पुष्कळदा जळजळही होते. तरीही एंडोस्कोपी व्यर्थ गेली असे मानू नका. गाठ किंवा अडथळा नाही, याची खात्री आधी व्हायलाच हवी होती.

माझे निदान मॅनोमेट्रीने, म्हणजे गिळताना अन्ननलिकेत पडणारा दाब मोजणाऱ्या तपासणीने झाले. नाक बधिर करून एक बारीक नळी जठरापर्यंत सोडतात आणि झोपलेल्या अवस्थेत पाच-पाच मिलिलिटर पाणी साधारण 10 वेळा गिळायला सांगतात. स्वतः गिळायचे असल्यामुळे गुंगीचे औषध सहसा देत नाहीत. नळी घशातून उतरतानाची काही मिनिटे खरोखर त्रासदायक असतात, पण त्यानंतर शांत श्वास घेत राहिले की सहन होते. तपासणी संपल्यावर मला पडद्यावरचा आलेख दाखवण्यात आला. दाब असेल तिथे लाल-पिवळा रंग आणि नसेल तिथे निळा. प्रत्येक घोटाला वर रंगाचा एक छोटा पट्टा उमटत होता आणि त्याच्या खाली नुसता निळा रंग पसरलेला होता. दीड वर्ष मी जे शब्दांत पटवू शकले नव्हते, ते समोर दिसत होते आणि मला रडू आवरले नाही.

मात्र प्रत्येकाचे कारण हेच असेल असे नाही, म्हणून डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी दोन आठवडे नोंद ठेवा. घन पदार्थच अडकतात की पाणीसुद्धा, हे लिहा. दोन्ही अडकत असतील तर अन्ननलिकेच्या हालचालीचा दोष अधिक संभवतो, तर आधी फक्त घन पदार्थ अडकत असतील तर अन्ननलिका अरुंद झाल्याची शंका घेतली जाते. कुठे अडकते तेही लिहा, पण त्यावर फार विसंबू नका, कारण खालचा अडथळाही गळ्याशी जाणवू शकतो. गिळायला सुरुवात करतानाच ठसका लागत असेल किंवा पाणी नाकातून येत असेल, तर दोष घशाच्या स्नायूंचा असू शकतो. त्यासाठी गिळतानाचे एक्स-रे चित्रण करतात आणि स्नायूंचा दाह सोबत आहे का, हे पाहतात. तोंड कोरडे पडत असेल तर लाळग्रंथींचा विषय काढा.

औषधांची यादीही दाखवा. हाडांसाठीची अ‍ॅलेन्ड्रोनेटची गोळी अन्ननलिकेत रेंगाळली तर जखम करते, आणि स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांमुळे बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. स्वतःहून मात्र कोणतेही औषध बंद करू नका.

लाळही गिळता येत नसेल, वजन घटत असेल, उलटीत रक्त किंवा शौचाला काळे होत असेल, वारंवार न्यूमोनिया होत असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्वरित दाखवा.

पोटविकारतज्ज्ञांकडे जाताना तुमच्या संधिवाततज्ज्ञांकडून चिठ्ठी अवश्य घ्या. पहिल्या वेळी माझ्या चिठ्ठीवर फक्त ‘आम्लपित्त’ लिहिले होते आणि तपासणी तेवढ्यापुरतीच झाली. नंतर संधिवाततज्ज्ञांनी ‘स्क्लेरोडर्मा, अन्ननलिकेची हालचाल तपासावी’ अशी एकच ओळ लिहून दिली आणि त्या ओळीवर मला मॅनोमेट्रीची तारीख मिळाली.