वाचकांचे प्रश्न : राउटरच्या फर्मवेअरमध्ये काय दडलंय?

प्रश्न : राउटरच्या ८ एमबी फर्मवेअर फाइलवर (राउटर चालवणारं सॉफ्टवेअर) 'बिनवॉक' हे आत दडलेले भाग शोधणारं साधन चालवलं. ढीगभर ओळी आल्या, बहुतेक 'एलझेडएमए' या कॉम्प्रेशन पद्धतीच्या. 'डॅश ई' देऊन फाइली काढल्या तर 'स्क्वॉशएफएस-रूट' फोल्डर रिकामंच. फाइल खराब आहे का?

उत्तर : बहुधा नाही. बिनवॉक ओळखीच्या खुणा शोधतं, आणि एलझेडएमएची खूण इतकी तोकडी आहे की ती योगायोगानेही जुळते. म्हणून ओळीचा शेवट वाचा. उलगडल्यावर कित्येक जीबी होणारा तुकडा दाखवत असेल तर ती ओळ सोडून द्या. ऑफसेट (फाइलच्या सुरुवातीपासूनचं बाइटमधलं अंतर) ० वर 'यूइमेज' या कर्नलच्या वेष्टनाचं हेडर असेल तर ६४ वरची ओळ मात्र खरी धरा. ते हेडर ६४ बाइटचंच असतं आणि लगेच कर्नल (सिस्टिमचा गाभा) सुरू होतो.

रिकाम्या फोल्डरचं कारण बहुतेक वेळा वेगळंच असतं. राउटर बनवणाऱ्या कंपन्या स्क्वॉशएफएस या कॉम्प्रेस केलेल्या फाइल सिस्टिममध्ये आपापले फेरफार करतात, तिथे ती उलगडणारं नेहमीचं 'अनस्क्वॉशएफएस' अडतं. असे फेरफार ओळखणारं 'सॅस्क्वॉच' वेगळं बसवा आणि पुन्हा काढून पाहा.

तरीही अडलं तर स्क्वॉशएफएसचा तुकडा 'डीडी' या कॉपी करणाऱ्या कमांडने कापा. ऑफसेट १०४८५७६ असेल तर 'बीएस' (एका वेळी वाचायचे बाइट) १ ठेवून आणि तेवढे बाइट 'स्किप'ने वगळून चालतं, पण एकेक बाइट वाचताना फार वेळ जातो. हा आकडा नेमका १ एमबी आहे, तेव्हा 'बीएस=१एम स्किप=१' द्या. आकडा बिनवॉकच्या यादीतल्या दशमान स्तंभातलाच घ्या. शेजारचा ०एक्सने सुरू होणारा दिलात तर लिनक्सवरचं डीडी 'एक्स'ला गुणाकार समजतं, स्किप शून्य होतो आणि अख्खी फाइलच पुन्हा हाती येते. कापलेल्या तुकड्याची सुरुवात 'एचएसक्यूएस' किंवा 'एसक्यूएसएच' या स्क्वॉशएफएसच्या खुणेने झालेली दिसायला हवी.

हे सगळं व्हर्च्युअल मशीनमध्ये, साध्या युजरने करा. बिनवॉकच्या २.३.३ पर्यंतच्या काही आवृत्त्यांत मुद्दाम रचलेली फाइल ठरल्या फोल्डरबाहेर लिहू शकत होती, २.३.४ मध्ये ते दुरुस्त झालं.

प्रश्न : एकही खूण सापडत नाही आणि एन्ट्रॉपीचा (बाइट किती विस्कळीत आहेत त्याचा) आलेख सुरुवातीपासून शेवटपर्यंत वरच सपाट आहे. पुढे काय?

उत्तर : फाइल बहुतेक एन्क्रिप्ट केलेली आहे. नुसतं कॉम्प्रेशन असतं तर कुठेतरी हेडर सापडलं असतं आणि रिकामी जागा भरणाऱ्या एफएफ बाइटांपाशी आलेख खाली आला असता. कंपनीच्या साइटवरून त्याच मॉडेलची जुनी फर्मवेअर उतरवा. एन्क्रिप्शन नंतर सुरू झालं असेल, तर त्याआधीची शेवटची आवृत्ती बरेचदा उघडी असते आणि नवी फाइल उलगडणारा प्रोग्राम तिच्यातच असतो. ती आधी तपासा.